मुंबईच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांचे स्वागत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत घरे लहान असली तरी पाहुण्यांचा राबता बाराही महिने असतो. परळच्या रुग्णालयांत उपचारांसाठी येणारे नातेवाईक, नोकरीच्या मुलाखतीसाठी उतरणारा भाचा, गणपतीच्या दर्शनाला एकाच संध्याकाळी येणारी मित्रमंडळी, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणारी हळदीकुंकवे, अशी निमित्ते सतत निघत असतात. घर पाहुण्याला आपलेसे वाटावे यासाठी नवे फर्निचर किंवा महागडी सजावट लागते, असे आम्हाला वाटत नाही. ज्या घरात पाहुण्याचा संकोच कमी होतो ते घर त्याला आपले वाटते, आणि संकोच कमी होतो तो एकेक गोष्ट मागावी लागत नाही तेव्हा. पुढची सर्व उत्तरे याच विचाराने लिहिली आहेत.

आमचे घर जेमतेम ३०० चौरस फुटांचे आहे. एवढ्या जागेत पाहुण्याला मोकळे वाटेल का?

नक्की वाटेल. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतल्या खोल्या १६० चौरस फुटांच्या, आणि त्याच खोल्यांनी गावाहून आलेल्या कितीतरी माणसांना पिढ्यान्‌पिढ्या सामावून घेतले. मात्र तिथे खोल्यांबाहेर सामाईक पॅसेज होता, हे विसरता कामा नये. सकाळी चहाचा कप घेऊन पाहुणा पॅसेजमध्ये जाऊन उभा राही, शेजाऱ्यांशी दोन शब्द बोले, तेवढ्या वेळात घरातली मंडळी अंथरुणे काढून खोली झाडून घेत, आणि आपली अडचण होते आहे असे त्याला वाटण्याचा प्रसंगच येत नसे. बंद दारांच्या फ्लॅटमध्ये ती सोय राहिली नाही. त्यामुळे पाहुण्याला हक्काने बसता येईल असा एक कोपरा आपल्याला मुद्दाम तयार करावा लागतो. खिडकीजवळची एक खुर्ची, शेजारी कप टेकवायला स्टूल आणि हाताशी वर्तमानपत्र, एवढेही त्यासाठी पुरते. सकाळच्या धांदलीत त्याला कुणी ऊठबस करायला लावू नये, एवढे मात्र घरातल्या सर्वांनी पाळावे.

दुसरी गोष्ट चालण्याच्या वाटेची. दारापासून बैठकीपर्यंत आणि बैठकीपासून बाथरूमपर्यंत माणूस अंग न चोरता जाऊ शकला, तर खोली आहे त्यापेक्षा मोठी वाटते. हॉलच्या मधोमध ठेवलेला टीपॉय ही वाट हमखास अडवतो. पाहुणे येणार असतील त्या दिवशी तो भिंतीशी सरकवावा किंवा पलंगाखाली ढकलावा, आणि कपबशांसाठी एकात एक बसणारी दोन-तीन छोटी स्टुले वापरावीत.

पाहुणे घरी पोहोचण्यापूर्वी काय करावे?

मुंबईत पाहुण्याची खरी दमछाक घराच्या दाराबाहेरच होते, त्यामुळे स्वागताची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी. नवख्या माणसाला नुसता पत्ता पाठवून भागत नाही. कोणत्या मार्गाची गाडी, जलद की धीमी, स्टेशनला पूर्वेला उतरायचे की पश्चिमेला, कोणत्या पुलाने बाहेर पडायचे आणि रिक्षावाल्याला कोणती खूण सांगायची, हे सारे एकाच संदेशात मराठीत लिहून पाठवावे. बहुतेक रविवारी सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत कोणत्या ना कोणत्या मार्गावर मेगाब्लॉक असतो, तेव्हा रविवारचे आमंत्रण देताना आदल्या दिवशी वेळापत्रक पाहून घ्यावे. सामान जास्त असेल, वय झाले असेल किंवा रात्र झाली असेल, तर घरातल्या एकाने स्टेशनवर जावे. याला पर्याय नाही.

सोसायटीच्या फाटकावर पाहुण्यांची नावे अगोदर कळवून ठेवावीत. रखवालदार चौकशी करत असताना सामान हातात घेऊन ताटकळत उभे राहणे कोणालाही, विशेषतः वडीलधाऱ्यांना, अपमानाचे वाटते. चपलांचा रॅक सामाईक जिन्यात किंवा पॅसेजमध्ये पसरलेला नसावा. आग लागली तर हीच वाट सुटकेची असते, आणि ती मोकळी राहावी अशी अपेक्षा अग्निसुरक्षेच्या नियमांतही आहे. दाराच्या आत एक चटई टाकून तिच्यावर चपला ठेवण्याची सोय केली तरी काम भागते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसून चप्पल काढता यावी म्हणून तिथे एक स्टूल जरूर ठेवावे.

दार उघडल्यानंतरची पहिली काही मिनिटे कशी असावीत?

या मिनिटांत फार बोलू नये. “या, बसा” म्हणून पंखा लावावा, पाणी द्यावे आणि पाहुण्याला दम घेऊ द्यावा. लोकलच्या गर्दीतून आलेल्या माणसाला आधी तोंडावर पाणी मारावेसे वाटते, पण तसे म्हणायला तो कचरतो. म्हणून आपणच बाथरूमचे दार दाखवून आतला दिवा लावून द्यावा आणि स्वच्छ नॅपकिन हातात द्यावा. पाण्याबरोबर गुळाचा खडा देण्याची जुनी पद्धत उन्हातून आलेल्या माणसासाठी आजही उत्तम आहे. उन्हाळ्यात कोकम सरबत किंवा पन्हे करून ठेवले असेल तर फारच चांगले, पण साखर चालते का, एवढे आधी हळूच विचारून घ्यावे.

दूरचित्रवाणी संच बंद करावा. तो चालू राहिला की घरातल्यांची नजर अधूनमधून तिकडे जाते, आणि आपण चुकीच्या वेळी आलो की काय अशी शंका पाहुण्याच्या मनात येते.

कोणत्या प्रकारच्या दिव्यांमुळे घर प्रसन्न वाटते?

बहुतेक घरांत हॉलमध्ये पांढऱ्याशुभ्र उजेडाची एकच पट्टी किंवा बल्ब असतो. असा दिवा साधारण ६,५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचे माप) असतो आणि अभ्यासाला किंवा ओट्यावर तो ठीक असतो, पण गप्पांच्या बैठकीत त्याने चेहरे निस्तेज दिसतात. एलईडी बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. बैठकीसाठी २,७०० ते ३,००० केल्विनचा पिवळसर उजेडाचा बल्ब निवडावा. तो छतावर लावण्यापेक्षा कोपऱ्यातल्या टेबलावरच्या दिव्यात किंवा भिंतीवरच्या दिव्यात लावला, तर उजेड डोळ्यांत न येता भिंतीवरून पसरतो. लोहार चाळीत दिव्यांची दुकाने ओळीने आहेत आणि तिथे दिवा प्रत्यक्ष लावून पाहता येतो. मुख्य दिवा मात्र काढून टाकू नये, कारण वाचायला, औषधाच्या गोळ्या पाहायला आणि मोबाइलवरचे तिकीट दाखवायला ज्येष्ठांना भरपूर उजेड लागतो.

पावसाळ्यात घराला ओलसर वास येतो. पाहुणे येण्यापूर्वी तो कसा घालवावा?

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मुंबईत २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि हवेतला दमटपणा गाद्या, उश्या, पुस्तके व कपाटाच्या पाठीमागची भिंत या सर्वांत मुरतो. अत्तराचा फवारा मारून किंवा उदबत्ती लावून हा वास दबत नाही. उलट दोन्ही वास एकमेकांत मिसळून डोके उठते, आणि पाहुण्यांत कुणाला दमा असेल तर धुराने त्रासच होतो.

वासाचे मूळ शोधावे. कपाट भिंतीला चिकटून असेल तर ते चार बोटे पुढे घ्यावे, म्हणजे मागे हवा खेळते आणि बुरशी धरत नाही. बंद कपाटात कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या टांगल्यास त्या हवेतला ओलावा शोषून घेतात. त्यात साठलेले पाणी वेळच्या वेळी फेकावे आणि पिशव्या लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नयेत. जाड गालिचा पावसाळ्यापुरता गुंडाळून ठेवावा आणि त्याच्या जागी सतरंजी किंवा चटई अंथरावी, कारण ती लवकर धुता आणि वाळवता येते. हॉलमध्ये वाळत घातलेले कपडे हा वासाचा सर्वांत मोठा स्रोत असतो, शिवाय दोरीवरच्या कपड्यांखाली वाकून जाताना पाहुणा बिचारा ओशाळतो. पाहुणे येणार असतील त्या दिवशी कपड्यांचा स्टँड आतल्या खोलीत पंख्याखाली न्यावा.

माळ्यावरून काढलेल्या चादरींना डांबर गोळ्यांचा उग्र वास येतो. आदल्या दिवशी त्या धुऊन वाळवाव्यात, आणि धुणे शक्य नसेल तर निदान दिवसभर हवेवर टाकाव्यात. डांबर गोळ्यांऐवजी वाळलेला कडुनिंबाचा पाला किंवा वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवले, तर हा प्रश्न पुढच्या वेळी येणारच नाही.

मासे तळल्याचा वास घरात राहतो. शाकाहारी पाहुणे येणार असतील तर काय करावे?

शक्य असेल तर त्या दिवशी आणि आदल्या दिवशी मासळी करू नये. केली असेल, तर बोंबील तळलेले तेल कढईत तसेच ठेवू नये, ओट्यामागच्या टाइल्स साबणाच्या पाण्याने पुसाव्यात आणि मासळी धुतल्यावर उरलेला कचरा त्याच रात्री खाली न्यावा. वास खरा धरून बसतात ते पडदे, त्यामुळे स्वयंपाकघराला लागून असलेल्या खिडकीला धुवायला सोपे असे सुती पडदे लावावेत. लिंबाच्या साली आणि दालचिनीचा तुकडा घालून पाणी मंद उकळत ठेवल्यासही बराच फरक पडतो.

रात्री मुक्कामाला पाहुणे असतील तर झोपण्याची व्यवस्था कशी करावी? सोफा-कम-बेड घ्यावा का?

वर्षातून दोन-चार वेळा पाहुणे येत असतील तर सोफा-कम-बेड घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुष्कळशा स्वस्त सोफ्यांत बैठकीची आणि पाठीची गादी जिथे मिळते तिथे कंबरेखाली खाच पडते, आणि पाहुणा सकाळी “छान झोप लागली” म्हणत असला तरी त्याची पाठ अवघडलेली असते. त्याच पैशांत घडी होणारी चांगल्या कापसाची गादी आणि दोन नव्या उश्या येतात. जागा असेल तर खाली कप्पे असलेला दिवाण उत्तम, कारण दिवसा तो बैठकीच्या कामी येतो आणि अंथरूण-पांघरूण त्याच्या पोटात राहते.

मुंबईत बहुतेक महिने जाड पांघरूण लागत नाही. सोलापुरी चादर खाली अंथरायला आणि वर घ्यायला दोन्हीकडे चालते आणि घरच्या घरी धुता येते. जुन्या लुगड्यांची गोधडी घरात असेल तर ती अवश्य द्यावी, मात्र ती उन्हात वाळवलेली असावी. पावसाळ्यात गोधडी आतून ओली राहते आणि वरून तसे लक्षातही येत नाही.

अंथरुणाच्या उशाशी काय ठेवतो, यावर पाहुण्याची अर्धी रात्र अवलंबून असते. झाकणी घातलेला पाण्याचा तांब्या आणि भांडे, चष्मा ठेवायला स्टुलाचा मोकळा कोपरा, मोबाइल चार्ज करण्यासाठी अंथरुणापर्यंत पोहोचणारा एक्स्टेंशन बोर्ड, छोटी बॅटरी, आणि भिंतीला शर्ट अडकवण्यापुरती एक खुंटी. पंख्याचे बटण कोणते, हे झोपण्यापूर्वी दाखवून द्यावे. अनोळखी घरात अंधारात चाचपडत एकामागून एक बटणे दाबून सगळ्यांना जागे करण्यापेक्षा लोक उकाडा सोसत पडून राहणे पसंत करतात. वाय-फायचा पासवर्ड एका कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून तिथेच ठेवावा. हॉलमध्ये झोपलेल्या पाहुण्यासमोरून पहाटे कामावर निघणाऱ्याने आपली पिशवी, डबा आणि बूट रात्रीच दाराशी आणून ठेवावेत.

आमच्याकडे पालिकेचे पाणी ठरावीक वेळीच येते. हे पाहुण्यांना सांगताना संकोच वाटतो.

यात संकोच करण्यासारखे काही नाही, पण सांगण्याची वेळ चुकू नये. पाहुणा अंगाला साबण लावून उभा असताना नळ गेला, तर लाज दोघांनाही वाटते. पाण्याची वेळ रात्रीच सांगावी आणि ती पहाटेची असली तरी पाहुण्याला त्यासाठी उठवू नये. त्याच्या वाट्याचे पिंप आणि बादली भरून ठेवावी. गिझर कोणत्या बटणाने लागतो आणि गरम पाण्याचा नळ कोणत्या बाजूला फिरतो, हे दाखवून द्यावे. बाथरूमच्या दाराची कडी नीट लागते का, हे आपण स्वतः आत जाऊन पाहावे, कारण घरातल्यांना मोडक्या कडीची सवय झालेली असते. दारामागे दोन रिकामे हुक, कोरडे पायपुसणे, नवा साबण आणि कचऱ्यासाठी झाकणाचा डबा असावा. सॅनिटरी पॅड आणि जुने वर्तमानपत्र सहज दिसेल अशा जागी ठेवले, तर पाहुण्या स्त्रीला ते मागण्याची वेळ येत नाही.

नातेवाईक उपचारांसाठी महिनाभर राहणार आहेत. त्यांच्यासाठी काय वेगळे करावे?

मुंबईतल्या पाहुणचाराची खरी कसोटी इथेच लागते. परळचे टाटा कर्करोग रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, तेव्हापासून देशभरातून रुग्ण तिथे येतात, शेजारी केईएम रुग्णालय आहे, आणि ज्याच्या ओळखीचे घर मुंबईत आहे त्याच्या मनावरचे निम्मे ओझे त्या घरामुळे उतरते.

पहिल्याच दिवशी घराची एक किल्ली त्यांच्या हातात द्यावी. रुग्णालयातून किती वाजता सुटका होईल हे त्यांच्या हाती नसते, आणि कोणी दार उघडायला असेल की नाही ही काळजी त्यांनी का करावी? कागदपत्रांच्या फायलींसाठी कपाटातला एक कप्पा आणि औषधांसाठी फ्रिजमधला एक कोपरा रिकामा करून द्यावा. केमोथेरपी घेत असलेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, म्हणून घरात कुणाला सर्दी-ताप असेल तर त्याने दूर राहावे किंवा मास्क लावावा, आणि अन्न ताजे व नीट शिजवलेले असावे. काय चालते आणि काय नाही हे डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच पाळावे. शेजाऱ्यांनी सुचवलेले काढे आग्रहाने देऊ नयेत. काही दिवस रुग्णाला फोडणीचा वासही सहन होत नाही. तेव्हा मनाला लावून न घेता भात, मूगडाळ आणि ताक यांवर दिवस काढावा.

रोज संध्याकाळी “डॉक्टर काय म्हणाले?” असे विचारू नये. सांगायचे असेल तेव्हा ते आपणहून सांगतात. भेटायला येणाऱ्यांची वर्दळ आपण आवरावी, कारण रुग्णाला नाही म्हणता येत नाही. सोबत आलेल्या व्यक्तीकडे बहुधा कोणाचेच लक्ष नसते. एखाद्या रविवारी तिला विश्रांती मिळावी म्हणून रुग्णाजवळ आपण बसावे आणि तिला दादरच्या चौपाटीवर किंवा सिद्धिविनायकाला जाऊन येऊ द्यावे. त्यांनी भाजी आणली, चार भांडी विसळली, तर अडवू नये. महिनाभर राहणाऱ्या माणसाला काहीच करू दिले नाही, तर त्याला उपकाराखाली दबल्यासारखे वाटते.

ज्येष्ठ पाहुण्यांसाठी बैठक कशी असावी?

खोल सोफा त्यांना नको असतो. साधारण ४५ सेंटिमीटर उंचीची, हात असलेली सरळ खुर्ची त्यांच्यासाठी पंख्याच्या झोतापासून थोडी बाजूला ठेवावी. बाथरूममध्ये रबरी मॅट आणि बसून अंघोळ करण्यासाठी मजबूत स्टूल असावे.

घरी एसी नसेल तर?

काही बिघडत नाही. स्वच्छ पुसलेली पाती असलेला पंखा आणि आरपार हवा हे दमट हवेत पुष्कळ काम करतात. दुपारनंतर समुद्रावरचा वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा त्या बाजूची खिडकी आणि तिच्या समोरचे दार एकाच वेळी उघडावे. तासभर आधी पडदे ओढून ऊन अडवावे. मच्छरांसाठी जाळी किंवा मच्छरदाणी मात्र हवीच.

सजावटीसाठी काय करावे?

थोडेच करावे आणि ते ताजे असावे. दादर स्टेशनच्या पश्चिमेला फुलबाजारात पहाटे गेल्यास झेंडू, शेवंती, निशिगंध वाजवी भावात मिळतो. धारावीच्या कुंभारवाड्यातला एखादा मातीचा घट किंवा पसरट भांडे दाराशी ठेवून त्यात पाण्यावर फुले सोडली, तर दार उघडताच मन प्रसन्न होते. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, म्हणून हे पाणी दररोज बदलावे, भांडे आतून घासावे आणि कुंड्यांखालच्या ताटल्याही कोरड्या ठेवाव्यात. भिंतीवर कुटुंबाची छायाचित्रे लावावीत. त्यांच्यावरून बोलणे सुरू होते आणि पहिल्यांदा आलेल्या माणसालाही विषय सापडतो.

जेवणाचा आग्रह किती करावा?

एकदा मनापासून वाढावे, दुसऱ्यांदा विचारावे आणि तिसऱ्यांदा थांबावे. ताटात जबरदस्तीने टाकलेली पोळी प्रेमाची असली तरी मधुमेही माणसाला ती महागात पडते. आमंत्रण देतानाच उपवास, पथ्य, कांदा-लसूण आणि मांसाहार याबद्दल विचारून घ्यावे. चार पदार्थ करून यजमानीण घामाघूम होऊन ओट्याशीच राहणार असेल, तर त्यापेक्षा वरण-भात, एक भाजी, कोशिंबीर आणि सर्वांनी मिळून बसणे पाहुण्याला अधिक सुखाचे वाटते. यजमानीण एकटीच राबते आहे आणि बाकीचे बसून आहेत, हे दृश्य पाहुण्याचा घास अडवते, तेव्हा वाढण्याचे काम घरातल्या पुरुषांनीही करावे.

अगोदर न कळवता पाहुणे आले आणि घर पसरलेले असेल तर?

पसाऱ्याबद्दल वारंवार माफी मागू नये, कारण त्यामुळे पाहुण्यालाच आल्याचा पश्चात्ताप होतो. बसायची जागा रिकामी करावी, बाथरूमवर एक नजर टाकावी आणि चहा टाकावा. मुलाची परीक्षा असेल किंवा घरून कामाची बैठक सुरू असेल, तर तसे सरळ सांगावे: “तासभर ह्यांचा कॉल आहे, आपण आत बसू.” कारण कळले की माणूस निवांत होतो, कारण न कळता घरातली कुजबूज ऐकू आली की तो निघायची घाई करतो.

घर भाड्याचे आहे, भिंतीला खिळा ठोकता येत नाही.

चिकटणारे हुक, उभा दिवा, दिवाणावर चांगले पलंगपोस आणि उश्यांना नवे अभ्रे, एवढ्यावर खोलीचे रूप बदलते. यातले सारे पुढच्या घरी नेता येते. कापड मंगलदास मार्केटमधून वारावर घेऊन अभ्रे घरी शिवले, तर ते तयार वस्तूंपेक्षा स्वस्त पडतात.

पाहुणे परत निघताना काय लक्षात ठेवावे?

गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून आहे, दादरहून, वांद्रे टर्मिनसहून की कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून, हे तिकिटावर नीट पाहावे, कारण या नावांत बाहेरगावच्या माणसांचा गोंधळ होतो. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत सामानासह लोकलने जायला सांगू नये. टॅक्सी आपणच बोलावून द्यावी आणि वाहतूक लक्षात घेऊन घरातून लवकर निघावे. मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास लोकल थांबतात आणि पहाटे चारच्या सुमारास पुन्हा सुरू होतात, त्यामुळे पहाटेच्या गाडीचा बेत आदल्या रात्रीच पक्का करावा. चार्जर, चष्मा, औषधे आणि दोरीवर वाळत घातलेला टॉवेल या चार वस्तू हमखास राहतात, त्या आपण तपासून द्याव्यात. सोबत पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लसणीची चटणी द्यायची असेल, तर ती परत करावी लागणार नाही अशा डब्यात द्यावी.